दीड अंश

हिल्लर थर्मासमध्ये सोडतो
कोमट मिठाच्या पाण्यात अकरा अंडाशयं.
कत्तलखान्याच्या दारात उणे एकोणीस,
माझी गाडी चालूच.
"विर्वे, कॉफी?"
नको. यांना थंडी बाधते.
तार्तूपर्यंत चाळीस किलोमीटर
शेजारच्या सीटवर थर्मास, पट्टा लावून.

अंडाशय जर्दाळूएवढं.
अंगावर फोड, पाण्याने तटतटलेले.
सुई टोचते, ओढते:
पिवळसर पाणी, आणि त्यात कुठेतरी ती,
नुसत्या डोळ्याला धुळीचा कण.

गाय सात वर्षांची होती म्हणे.
ही तिच्या जन्माआधीची.
गाय स्वतःच पोटात असताना,
खूर पुरते घट्ट व्हायच्या आत,
हिने गुणसूत्रं जोडीजोडीने मांडली
आणि मध्येच हात थांबवला.
विणता विणता कुणी दार वाजवावं,
सुया तशाच टाकून उठावं
आणि सात वर्षं परत येऊ नये.

अशा हजारोजणी. बहुतेक
थांबल्या जागीच विरून जातात.
एखादीला जाग येते.
हिलाच का? प्राध्यापक काल्युंना विचारलं
तर ते खिडकीबाहेर बघतात.

मग ती वाढते. चौपट रुंद होते.
भोवतीच्या चपट्या पेशी गोल होतात, थरावर थर चढतो.
ती स्वतःभोवती साखरेचं पारदर्शक कवच घालते,
आणि सोबतिणी कवचातूनही बोटं आत घालतात.
त्याच बोटांनी घास भरवतात,
त्याच बोटांनी बजावतात:
थांब. अजून नाही.

मला वाटायचं, पिकायला कुणीतरी "चल" म्हणावं लागतं.
तसं नाही.
"थांब" म्हणणारे गप्प व्हावे लागतात.
फोडातून बाहेर काढून बशीत, उबेत ठेवली
की ती आपली आपण निघते.
त्यावरच तर आमचा पगार.

निवडताना एकच बघायचं:
अंगावर सोबतिणींचे तीन-चार थर हवेत.
उघडी पडलेली पेशी फार देखणी दिसते,
गोल, स्वच्छ, आणि कामाची नाही.
पहिल्या वर्षी मी नेमक्या त्याच निवडल्या होत्या.

रात्री अडीचला वीज गेली.
जनरेटर दोनदा खोकला नि बसला.
इन्क्युबेटरचा आकडा: साडेअडतीस,
अडतीस, पावणे अडतीस.
त्रेचाळीसजणी चार नळ्यांत भरल्या,
बुचं दाबली,
आणि स्वेटरच्या आत, स्तनांखाली धरल्या.

मी एकसष्टची. माझ्यातल्या कधीच संपल्या,
किती वापरल्या, किती विरल्या, हिशेब नाही.
अंग सदतीस. गाईपेक्षा
दीड अंश थंड.
त्या रात्री जन्मात पहिल्यांदा
ताप यावा असं वाटलं.
भिंतीला टेकून बसले. खिडकीत अर्ध्यापर्यंत बर्फ.
खोकला आला तो गिळला.

पाचला दिवे आले.

संध्याकाळी सोबतिणी फुलून आल्या होत्या,
चिकट, एकमेकींपासून सुटलेल्या,
पिंजलेल्या लोकरीसारख्या.
झटकून काढल्या. एकेक पेशी फिरवत
कडेचा तो बारका कण शोधला:
अर्धी गुणसूत्रं हाती देऊन
वेगळी काढलेली धाकटी,
शिदोरी मात्र जवळजवळ नाहीच.
असली वाटणी माणसांत झाली असती
तर कोर्टात गेली असती.

त्रेचाळीसपैकी सव्वीस.
वहीत लिहिलं. कारणाच्या रकान्यात: वीज.
सव्वीसजणी आता पुन्हा थांबल्या आहेत,
या खेपेला बाहेरून कुणी येईपर्यंत.
छातीखाली चार लांबट ठसे, अजून लाल.

हिल्लरचा फोन.
"उद्या नऊच निघतील. चालतील?"
चालतील म्हटलं.