आवाज: हो / नाही

हडर्सफील्डच्या वकिलांच्या ऑफिसातून
मॉरीनबाई फोनवर मशीनची नक्कल करतात:
क्र्र्र... टक्. क्र्र्र... टक्.
लाजत नाहीत. मागे कुणीतरी हसतं.

माझ्या फॉर्मवर एकच चौकोन, आवाज.
कुरकुर असती तर रोलर वाळलाय म्हटलं असतं,
करकर म्हणजे दाते झिजले;
घरघरीला नुसती फुंकरसुद्धा पुरते कधी कधी.
हे टक् कशात बसत नाही.

दुपारी गुडघे टेकले, बाजूचं झाकण काढलं.
साध्या कागदाला मशीन गप्प.
मृत्युपत्रांचा जाड कागद घातला,
टक्.

दुसऱ्या ट्रेच्या मागे, स्प्रिंगखाली
गंजकी टाचणी, तिच्यात कागदाचा कोपरा:
सहीचा फक्त शेवटचा फराटा, निळा.

मॉरीनबाईंनी तो खिडकीपाशी नेला.
"होलरॉइडसाहेब," म्हणाल्या, "ह्या मशीनशी भांडायचे."
टाचणी माझ्या तळहातावर ठेवली,
कोपरा स्वतःच्या ड्रॉवरमध्ये.

मी खूण केली: नाही.

परतताना व्हॅनचं पुढचं डावं चाक
कुरकुरत होतं, अगदी स्पष्ट.
मी रेडिओ मोठा केला.