एका ठोक्याचं नाव

गळ्यात यंत्र अडकवून व्हर्ना ऑस्बी उभी आहे
सेनेटच्या सभागृहात, बोलणाऱ्यापासून चार पावलांवर.
दर दहा मिनिटांनी तिची पाळी संपते,
दुसरी येते, तिसरी येते, मग परत व्हर्ना.
बोलणारा तोच.

सेनेटर टॅकेट यांना थांबायचं नाहीये.
थांबले की मतदान,
मतदान झालं की थॅडियस विंकूप
मरेपर्यंत न्यायाधीश.
म्हणून ते वाचताहेत
ट्राउट मासेमारीच्या परवान्याचे नियम,
मग त्यांच्या गावच्या पाणीपुरवठ्याचा
एकोणीसशे अडतीसचा अहवाल, तक्त्यांसकट,
आणि स्वतः पाण्याला शिवत नाहीत,
कारण प्यायलं की जावं लागतं.

बाहेर ओळीनं खाटा मांडल्यात.
कुणाचे तरी मोजे हीटरवर वाळताहेत.
एक पक्ष म्हणतो, आम्ही दार अडवणार.
दुसरा म्हणतो, मग आम्ही दारच उखडतो,
चौकटीसकट.
व्हर्ना दोन्ही लिहून घेते.
स्वल्पविरामसुद्धा सोडत नाही.

'थॅडियस विंकूप' लिहायला आधी चार ठोके लागायचे.
तिसऱ्या रात्री तिनं यंत्राला शिकवलं:
सात बोटं एकदम दाबली
की अख्खा माणूस उमटतो,
आडनावासकट, काळ्या झग्याशिवाय.
तिनं त्याला कधी पाहिलेलं नाही.
एक म्हणाला, हा गरिबांचा वैरी.
दुसरा म्हणाला, दर रविवारी हा तुरुंगात जाऊन
कैद्यांची पत्रं लिहून देतो.
दोन्ही खरं असेल.
तिच्या बोटांना फरक पडत नाही,
असं ती म्हणते.

खरं काय ते घडलं
लेनोर हाउगेन बाईंच्या खोलीत,
जिथं व्हर्नाला प्रवेश नव्हता, यंत्रालाही.
अकरा जण, घेवड्याच्या सूपचे अकरा वाडगे,
आणि एकच कागद, ज्यावर
कुणीतरी वाडगा टेकवला होता.
पाच नावं होती.
तीन जाऊ देऊ, असं ठरलं.
उरलेल्या दोघांबद्दल
काहीच ठरलं नाही, म्हणजे ठरलंच.
यापुढे अडवायचं ते फक्त 'तसाच प्रसंग' आला तर.
तसाच म्हणजे कसा, एकानं विचारलं.
ज्याचं त्यानं ठरवावं, बाई म्हणाल्या,
आणि मीठ मागितलं.

तडजोड.
आधी तडा, मग जोड,
आणि सांध्यावर हात फिरवून
कुणी बघायचं नाही.

सकाळी टॅकेट बसले. खुर्ची करकरली.
ते व्हर्नानं लिहिलं नाही, तशी पद्धत नाही.
अकरा जण फोटोसाठी उभे राहिले,
दोन्हीकडचे म्हातारे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून,
आणि खरंच सांगते, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.
दार वाचलं होतं.
मलाही बरं वाटलं, व्हर्ना नवऱ्याला म्हणाली,
अंडी फोडता फोडता. झोप मिळेल आता.

विंकूपला फोन गेला तेव्हा
तो अंगणातला बर्फ ओढत होता.
'बरं,' म्हणाला. मग, 'समजलं.'
मग शेजारणीच्या दारापुढचाही ओढला,
नेहमीपेक्षा लांबपर्यंत, असं शेजारीण सांगते.

हे सगळं मार्चमधलं.

जूनमध्ये पुलांच्या डागडुजीवर चर्चा होती.
ऊन, रिकामी बाकं, एक तरुण सदस्य
लोखंडाच्या गंजाबद्दल बोलत होता,
व्हर्नाची बोटं जराशी घसरली
आणि पडद्यावर आलं:
'हा खांब आणखी वीस वर्षं
थॅडियस विंकूप भार पेलू शकेल.'

तिनं बघितलं.
खोडायला एकच ठोका लागतो.
दहा मिनिटं संपत आली होती,
दुसरी मुलगी गळ्यात यंत्र अडकवून दारात उभी होती.
व्हर्नानं ते नाव खोडलं,
वाक्य नीट केलं.
यंत्राच्या आतला ठोका मात्र
तिनं पुसला नाही. अजून तरी.