बायान लेपास, तिसरी पाळी

एकाच चकतीतून कापलेली ही भावंडं.
सियू लान त्यांना तापवते, गारठवते,
मग विचारते: किती पळशील?
आणि चित्र काढता येतं का?

ज्याला येतं, ते वरच्या नावानं जातं.
ज्याचा रंगांचा एक कोपरा मुका,
त्याचा तेवढा कोपरा बंद करून
स्वस्तातलं नाव.
भंगारात सहसा कुणी नाही.

पहाटे घरी, धाकट्याचा जुना लॅपटॉप
मांडीला पोळतोय.
हिशेब आणि रंग एकाच ताटात जेवतात,
म्हणून खेळातला समुद्र अडखळतो.
"आई, पंखा ओरडतोय."

ती उलटा करून बघते.
लेबल खालच्या नावाचं.
याला तिनंच तापवलं असेल,
नसेलही.

खाली दोन पेन्सिली सरकवते, वारा जायला.

लाट एक घर पुढे येते.