चकव्याचं पोर

एकोणऐंशी साली मोजणीच्या साखळीचं
एक टोक माझ्या हातात होतं.
दुसरं साहेबांच्या माणसाकडे, आणि मध्ये घणसोलीचं खाजण,
गुडघाभर चिखल, उघाडीपाशी एक वाकडं भेंडीचं झाड.
तिथे ती राहायची.
बापाने सांगून ठेवलेलं: हसुराम, त्या झाडाशी
दुसऱ्यांदा आलास तर समज, तिच्या घरात पोर आहे.

चकवीण बाळंत झाली की गावाला कळायचं.
त्या महिन्यात कुणी वेळेवर पोचत नसे.

कारण त्या पोराला दूध चालत नाही.
ओळखीचा बांध अचानक अनोळखी दिसतो ना,
माणूस थबकतो, मागे बघतो, आत्ताच तर इथून गेलो,
तेव्हा छातीत अडकतो तो श्वास,
पोर तेवढाच पितं.
ओंजळीत झाकून ती घरी न्यायची,
जसा माझी आई शेजारणीकडून विस्तव आणायची.

तिचेही नियम होते. कडेवर घेऊन शिकवायची:
ओली बाळंतीण दिसली तर वाट सोड.
वैद्याकडे धावणाऱ्याच्या आडवं जायचं नाही.
मीठ वाहणाऱ्याला एकच फेरा, त्याचे पाय आधीच फुटलेले.
आणि कुणी खाली बसला, सदरा उलटा करून घातला,
की उठायचं पानावरून. भूक असली तरी.

आम्ही खुंट्या ठोकल्या. झेंडे लावले.
भेंडी माझ्याच कुऱ्हाडीने पडली,
खोटं कशाला बोलू, त्या दिवसाची हजेरी साडेसात रुपये.
बुंध्यात काही नव्हतं.
थोडी ऊब होती.

पुढे वाटलं, शहर झालं ते तिच्या पथ्यावरच पडलं.
सातच्या पाठीला एकवीस, एकवीसच्या पुढे नाला,
सगळ्या बिल्डिंगी एका साच्यातल्या.
पंधरा-वीस वर्षं पोरं चांगली बाळसेदार झाली असतील.
रात्रपाळीचे रिक्षावाले सांगायचे,
मैदानाला तीन फेरे झाले, काका,
मीटर मात्र चकला नाही.

मग प्रत्येकाच्या तळहातावर निळा ठिपका आला.
पार्सलवाला पोरगा मान वर न करता वळतो,
फोनमधली बाई सांगते डावीकडे, तो डावीकडे.
चुकला तरी चूक तिची.
त्याचा श्वास कुठे अडकतच नाही.

परवा तिला पाहिलं. पाहिलं म्हणजे,
पंपहाऊसच्या भिंतीशी हवा दुमडली होती
आणि दुमडीत काहीतरी किरकिरत होतं.
भुकेलं पोर कुणाचंही असो, तसंच किरकिरतं.
ती त्याला तळघरातल्या पार्किंगमध्ये नेत होती,
जिथे ठिपका चालत नाही,
जिथे माणसं अजून खांबांमधून आपली गाडी शोधतात.
तेवढ्यावर किती दिवस जाणार.

तेव्हापासून फोन घरी ठेवतो.
दिवेलागणीला निघतो, खाडीकडे तोंड करून,
डोळे मिटून जुनं सगळं मांडून घेतो:
इथे बापाचं मिठागर, इथे उघाडी, इथे ती भेंडी.
मग डोळे उघडतो.
लगेच हरवतो. नाटक काही करावं लागत नाही.

पहिल्या फेऱ्याला पोर लाजतं.
दुसऱ्याला पोटरीशी गार नाक लागतं.
तिसऱ्याला ढेकर.
कधी चौथाही देतो, कुऱ्हाडीच्या हिशेबात,
पण त्या फेऱ्यात मला माझं नाव नीट आठवत नाही,
तेव्हा तीच मागून त्याला दटावते, बास.

मग फुटपाथच्या कडेला बसतो,
तंबाखू मळतो, सदरा उलटा करतो.
घर तिथेच समोर असतं.

दारात सून, सुगंधा, खांद्यावरच्या शिवणीकडे बघत राहते.
बाबा, परत?
मी म्हणतो, जेवलं.
कोण, ते ती विचारत नाही.
आत जाऊन माझं ताट वाढते.