रकाना चार

मूळ गाव?
आयरिसबाई गार्डनर म्हणाल्या,
भुसावळ. लोको शेडच्या मागं, सात नंबरची लाइन.
त्याच्या आधीचं?
त्या उठल्या,
गॅसवरचं वांगं उलटून आल्या.

आजोबा चर्चच्या वहीत आहेत,
झोकदार सहीसकट.
आजी साक्रीकडची. तिच्या जागी
'नेटिव बाई'
आणि शाईचा ठिपका.

साहेब गेले, मागोमाग निम्मी आळी पर्थला.
तिकडून फोटो मागवले,
रंग नीट दिसेल असे.
आईनं ते पाकीट पोस्टात टाकलंच नाही.

माझं पेन रकान्यावर.
बाहेर एक पोरगं ओरडलं, ए गोरी!
खिडकीतून बाईंनी अशी अहिराणी शिवी हासडली
की माझी मावशी लाजली असती.

मग माझ्याकडं वळून,
मी आठेनीच शे. लिखी ले.