तांबडा दिवा विझेपर्यंत

तोल्कुन, नीट ऐक. ट्रक सुरू झाला की
माझं बोलणं तुला ऐकू येणार नाही.

स्पीकरच्या पाठीला रबराची झडप आहे.
नखाने उघडत नाही, उगाच नख मोडून घेशील.
लोकर विंचरायच्या फणीचा तुटका दात
मी कडीला दोऱ्याने बांधून ठेवलाय, त्यानेच उचल.
वायर कुठल्याही बाजूने बसते म्हणतात.
आपली बसत नाही.
कुत्र्याने चावल्यापासून रुसलीय ती;
जरा डावीकडे वाकव, खाली चपटा दगड दे.
तांबडा दिवा लागला की समज, वीज जातेय.
मग हलू नकोस.
म्हणजे तू हल, त्याला हलवू नकोस.

सौरपट्टी खोगिराला टेकवून ठेव, तोंड उगवतीला.
घोड्यांची दुसरी धार काढून झाली की थोडी वळव,
चौथी झाली की आणखी.
बाहीने पुसू नकोस, तुझ्या बाहीला चरबी असते.
पट्टी उन्हात, स्पीकर सावलीत.
मागच्या साली दोघांनाही उन्हात ठेवलंस
आणि आठवडाभर तो घसा बसल्यासारखा बोलत होता.
थंडीही सोसत नाही त्याला.
इथे ऑगस्टातसुद्धा पहाटे बादलीवर बर्फ धरतो,
तेव्हा दिवा लागेना झाला तर अंथरुणात घे, पायाशी.
हस खुशाल. पण घे.

चार तास लागतात. ढग आले तर अख्खा दिवस.
भरला की काही वाजत नाही, लुकलुकत नाही,
तांबडा दिवा नुसता विझतो.
पहिल्यांदा मला वाटलं, गेला.
विझणं म्हणजे भरणं,
हे मी या एकाच वस्तूत पाहिलं.

भरलेला स्पीकर सहा तास बोलतो. रात्र नऊ तासांची.
उरलेले तीन कुठून कापायचे ते तुझं तू ठरव.
मी संध्याकाळचे कापायची.
संध्याकाळी लांडगा नुसता विचार करतो.

गाणी लावू नकोस. चार रात्रींत त्यांना पाठ होतात.
माझ्या सगळ्यात लाडक्या गाण्यावर
तीन मेंढ्या गेल्या जुलैत.
बातम्या बऱ्या. माणूस माणसावर ओरडतोय
असं त्यांना वाटतं, आणि ते काही चूक नाही.

कार्डात शेवटी एक आवाज आहे. नाव नाही, नुसता आकडा, सतरा.
बाबांनी येकातेरिनबुर्गहून पाठवलेला,
गोदामात पोती उतरवताना, धापा टाकत:
कोण झोपलंय रे? दोर कुणी सोडला?
मोजल्या का? पुन्हा मोज!
दोन मिनिटं अकरा सेकंद, सगळा राग.
तो लागला की लांडगे ओढा ओलांडत नाहीत.
तुला सांगितलं नव्हतं. तू लहान होतास,
आणि मला ती दोन मिनिटं लागायची,
लांडगे नसले तरी.

सतरा शेवटच्या तासासाठी राखून ठेव.
रोज लवकर लावलास तर सवय होईल,
लांडग्यांच्या आधी तुला.

संपत आला की तो तीनदा टुकटुक करतो
आणि एक बाई परक्या भाषेत काहीतरी सांगते.
तिला कुणी घाबरत नाही. फार गोड बोलते.
तिचं झालं की बूट घाल आणि बाहेर जा,
कळपाला वळसा घालत ओरड.
काय ओरडायचं म्हणून विचारत बसू नकोस,
दोर, झोप, मोजणी, काहीही.
या वसंतात तुझा आवाज फुटलाय.
परवा तू तंबूमागे घोड्यावर खेकसलास
आणि माझ्या हातून दुधाची पिशवी सुटली.
मला वाटलं, कुणीतरी सतरा लावलाय.

बिश्केकला वीज भिंतीतून येते म्हणे,
शिवणयंत्रंही तिच्यावरच चालतात.
मला तिथे यातलं काही लागणार नाही.

चल, तो हॉर्न वाजवतोय.
वायर गुंडाळ, गाठ मारू नकोस.
आणि झडप, तोल्कुन, झडप दाबून लाव,
दव आत