बुलपेनचं दार

ऐक योएल्विन, हे कुठे लिहिलेलं नाही.
करारात नाही, लॉकरवर चिकटवलेल्या दंडाच्या यादीत नाही.
मला टॅकेटनं सांगितलं, सूर्यफुलाच्या बिया थुंकत.
त्याला कोणी सांगितलं, ते तो विसरला होता.

बॅट खाली टाकायची. आधी बॅट.
हेल्मेट फेकून मारायचं नाही.
चेंडू मारायचाच असेल तर मांडीत, बरगडीत,
जिथे आठवडाभर निळं राहील आणि मग जाईल.
डोक्याच्या दिशेनं टाकलास
तर आपलीच माणसं जेवताना तुझ्याशी बोलणार नाहीत.
पाठमोऱ्याला हात लावायचा नाही.
आणि बाक रिकामा व्हायलाच हवा.
खांदा बर्फात असो, पोट बिघडलेलं असो,
चूक आपल्याच माणसाची आहे असं वाटत असो,
विशेषतः तेव्हा.
बसून राहिलेल्याची गोष्ट
त्याच्या आधी पुढच्या गावात पोचते.

आपलं मात्र वेगळं.
आपण कुंपणाच्या कडेला, मक्याच्या वासात बसलेले.
भडका उडतो तो लांब तिकडे,
आणि आपल्याला चारशे फूट पळायचं असतं.
वरातीमागून घोडं. लोक हसतात, हसू देत.
पळायचं, पण फार वेगानं नाही.
वेळेवर पोचलास तर पंचाईत होईल.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट, ब्लफ्टनविरुद्ध, सातवी इनिंग.
आमच्या केल्नरनं आदल्या रात्री होमरन मारून
बॅट जरा जास्तच वेळ हातात धरली होती,
तान्ह्या बाळासारखी, कौतुकानं.
चेंडू आला तो थेट कमरेत.
त्यालाही ठाऊक होतं, येणार.
मुकाट पहिल्या बेसकडे गेला असता तर तिथेच मिटलं असतं.
पण पिचर विशीतला पोरगा, काहीतरी बोलला.

दोन्ही बुलपेनची दारं एकदम उघडली.
पलीकडून हार्लन व्रूम पळत आला.
एके काळी आम्ही एकाच मोटेलच्या खोलीत राहायचो,
दोघांत एक इस्त्री.
मैदानाच्या मधोमध शेजारी शेजारी आलो,
दोन थकलेली गाढवं, गुडघे वाजवत.
"तू मला धर," तो म्हणाला.
"बरं," मी म्हटलं.
हाही नियमच आहे: ओळखीचा माणूस शोधायचा,
त्याची जर्सी छातीशी मुठीत घ्यायची,
चेहरा रागीट ठेवायचा,
आणि विचारायचं, घरी सगळे कसे आहेत.

मी विचारलं.
तो म्हणाला, "मार्चमध्ये ॲनालीस गेली."

धाकटी.
जिच्या पहिल्या दाताचा फोटो
त्यानं अख्ख्या बसमध्ये फिरवला होता.

मागे शिव्या चालू होत्या, कोणाची टोपी पायाखाली,
केल्नरला चौघांनी आवळलेलं, तो "सोडा मला" ओरडत होता
आणि कोणी सोडू नये म्हणून मनात देवाला आळवत असावा.
माझ्या मुठीत हार्लनची जर्सी.
मला एवढंच शिकवलेलं, की धरून ठेवायचं.
मी धरून ठेवलं.
तो रेटत होता, डोकं माझ्या खांद्यात खुपसून,
जोरात, खरोखर जोरात.
लांबून बघणाऱ्याला वाटावं, ह्या दोघांचं जुनं वैर.
स्टँडमधून कोणीतरी ओरडलंही, "हाण त्याला!"

मग गर्दी पांगली. पंचानं त्या दोघांना घालवलं.
सगळे आपापल्या जागी, आम्ही अजून तिथेच.
टॅकेट लंगडत आला, म्हणाला, "झालं, सोडा आता,"
आणि आमचे चेहरे दिसले तसा गप्प झाला.
आमच्याकडे पाठ करून उभा राहिला,
स्टँडच्या आणि आमच्या मध्ये,
टोपी काढून उगाच आतली शिवण तपासत.
हा नियम मला कोणीच सांगितला नव्हता.

परत येताना चालत यायचं. पळायचं नाही.
कोणी काही विचारत नाही, आपण सांगत नाही.

तर बुटांच्या नाड्या घट्ट बांधून बस.
आणि त्या दाराची कडी अडकते,
ओढू नकोस,
थोडी वर उचलून ढकल.